कार्ड येईपर्यंत

झेरिहूनची आई वारली हे इथे परदेशात, एडमंटनमध्ये राहणाऱ्या आम्हा सगळ्या मायदेशच्या लोकांना झेरिहूनच्या आधी कळलं. निदान आमची समजूत तशी होती.

आमच्यात मरणाची बातमी फोनवर सांगत नाहीत. एकट्या माणसाला सांगत नाहीत, उपाशीपोटी सांगत नाहीत, रस्त्यात गाठून तर नाहीच नाही. आदल्या रात्री त्याला पोटभर जेवू घालायचं, झोपू द्यायचं, आणि पहाटे तो अंथरुणातून नीट उठायच्या आत वडीलधाऱ्यांनी चार माणसं घेऊन दारात उभं राहायचं. रडायला सोबत हवी, कोसळला तर धरायला हात हवेत. तोवर सगळ्यांनी तोंड शिवून बसायचं. ज्याचं दुःख आहे त्याच्यापासून तेवढं ते लपवायचं, बाकी सगळ्यांना ते पाठ असतं.

एरवी हे लपवणं एका रात्रीचं असतं. झेरिहूनच्या बाबतीत मध्ये कार्ड आडवं आलं.

त्याला आणि त्याच्या बायकोला, अस्कालेला, या देशात कायम राहण्याची परवानगी नुकतीच मिळाली होती. आम्ही त्यांच्या घरी जाऊन बुन्ना, आमची कॉफी, प्यालो होतो, बायकांनी आनंदाने जिभा वाजवून बिल्डिंग डोक्यावर घेतली होती. पण परवानगी वेगळी आणि कार्ड वेगळं. कार्ड टपालाने येतं, आणि टपाल त्याला वाटेल तेव्हा येतं. कार्ड नसताना देश सोडून जायला कोणी अडवत नाही. पंचाईत होते ती परतताना. विमानाच्या काउंटरवरची मुलगी कार्ड मागते, नसलं तर चढू देत नाही. मग तिकडूनच प्रवासाच्या कागदासाठी अर्ज करायचा आणि हात चोळत बसायचं. मागच्या वर्षी आमच्यातला एक जण बाप आजारी म्हणून तडक निघाला आणि तिकडेच अडकला. इकडे त्याची नोकरी गेली, घरही गेलं. बायको सामानासकट गाशे देम्सेंच्या तळघरात राहिली.

तेव्हा या वेळी गाशे देम्सेंनीच पुढाकार घेतला. ते आम्हा सगळ्यांत मोठे, म्हणून सगळ्यांचे गाशे, म्हणजे काका; तिकडे देसे गावात शाळामास्तर होते, आणि अजूनही समोरच्याने पाठ केलं नसेल अशा संशयाने बोलतात. त्यांनी अस्कालेला चर्चच्या मागच्या स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. आमच्यातल्या आजीबाई, एमामा वोर्कनेश, तिथेच डाळ निवडत होत्या.

"सासू गेली तुझी," गाशे म्हणाले. "परवा. इथे रडून घे, आणि मग डोळे धुऊन घरी जा. त्याला कार्ड आल्यावर सांगायचं."

अस्काले रडून झाल्यावर म्हणाली, "गाशे, मी त्याच्याबरोबर एका ताटात जेवते. माझ्या तोंडावर दिसेल."

"दिसू द्यायचं नाही."

"आणि चाळिसाव्या दिवसाचं काय? एकुलता एक मुलगा आहे तो."

"तोपर्यंत कार्ड आलं तर जाईल. नाही आलं तर? आत्ता सांगितलं तर हा पोरगा उद्याचं विमान धरेल. आई तर गेलीच, हातातलंही जाईल. हे पाप मी माझ्या डोक्यावर घेतो."

एमामा वोर्कनेश डाळीतून मान वर न करता म्हणाल्या, "घाबरू नकोस गं. पुरुषांना काही दिसत नाही. तू डोक्याचा चकोट करून समोर बसलीस तरी त्याला आठवड्याने कळेल."

अशी ती मसलत झाली. आणि आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं की झेरिहूनला त्या दिवशी दुपारीच कळून चुकलं होतं.

तो पावाच्या कारखान्यात कामाला आहे. जेवणाच्या सुट्टीत फोन बघत बसला होता, तर त्याच्या गावच्या, देसेतल्या शाळेतल्या कुणा मित्राने फोटो टाकलेला. रस्त्यावर ताडपत्रीचा मांडव, बाकांवर पांढऱ्या नेतेला शाली पांघरून बसलेल्या बायका. असा मांडव गल्लीतलं मयतीचं मंडळ घालतं, तो कशासाठी घालतात हे लहान मूलही सांगेल. मांडवामागे एक फाटक होतं, अर्धं गडद निळं आणि अर्धं फिकट. ते फाटक झेरिहूनने स्वतः रंगवलेलं, डबा अर्ध्यावर संपला म्हणून दुसरा आणला तर तो फिकट निघाला. आईने पुढे कैक वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवून त्याची टिंगल केली होती. मांडवात तिरुनेश बसली होती, त्याची बहीण. तिचे केस सुतकात कापतात तसे कापलेले होते.

थोड्या वेळाने त्याने पुन्हा पाहिलं तेव्हा फोटो तिथे नव्हता. कुणीतरी त्या मित्राला झापलं असणार.

त्याने उरलेली पाळी भरली. ट्रे उचलले, ट्रे लावले. त्याला वाटलं होतं, घरी जाऊ, अस्कालेला सांगू, दोघं मिळून रडू. दार उघडलं तर अस्काले हसत उभी. इतकी हसत, की लग्नातही ती एवढी हसली नव्हती. डोळे सुजलेले होते.

"कांदे," ती म्हणाली. "आज किती झोंबले बघ."

चुलीवर कांद्याचं काही नव्हतं. त्याच्या सगळं ध्यानात आलं. हिला कळलंय, गाशेंनी गप्प राहायला सांगितलंय, कार्डासाठी सांगितलंय. आणि तेवढ्यात त्याच्या छातीत जे झालं त्याची लाज त्याला पुढे कधी सोडून गेली नाही. त्याला हायसं वाटलं.

होय, हायसं. आपल्याला माहीत नाही असं सगळ्यांना वाटतंय, म्हणजे आपल्याला जायला नको. माहीत असलेल्या मुलाला जावंच लागतं. माहीत नसलेल्या मुलाला कोण काय बोलणार?

"फार झोंबणारे कांदे आणतेस तू," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

आता कुणी म्हणेल, काय नालायक माणूस. पुढे त्याच्याच तोंडून खरं कळलं तेव्हा मीही म्हणाले होते. पण त्याची एक गोष्ट ऐकून ठेवा. पहिल्यांदा या देशात यायला निघाला तेव्हा सगळ्या गल्लीने त्याला निरोप दिला होता. मेंढी कापली, पाद्र्याने आशीर्वाद दिला, बायका बसपर्यंत रडत आल्या. राजधानीच्या, अदिस अबाबाच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने त्याचा पासपोर्ट उलटसुलट केला, कुणाला तरी फोन लावला, त्याला बाजूला उभं केलं. मागची माणसं एकेक करत पुढे गेली. विमान गेलं. कसला तरी शिक्का हवा होता म्हणे. तो तीच बॅग घेऊन, तोच नवा कोट घालून देसेला परतला तेव्हा मेंढीचं हाडूक अजून कुत्री चघळत होती. आईने फाटकातच त्याचं तोंड पुसलं आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "विमान बिघडलं गं बाई त्यांचं! देवाने वाचवलं माझ्या लेकराला." पुढचे दोन महिने तो दिवसाउजेडी घराबाहेर पडला नाही. काउंटर म्हटलं की अजून तो खिशातले कागद चाचपतो.

तरीही हे कारण आहे, सबब नाही. ते त्यालाही कळत होतं. कारण त्याच आठवड्यात त्याने कामावरच्या कॉम्प्युटरवर बसून सरकारी पान उघडलं होतं. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं की घरात कुणी वारलं असेल तर कार्ड लवकर मिळावं म्हणून अर्ज करता येतो, त्याबरोबर पुरावा जोडावा. पुरावा मागायचा तर तिरुनेशकडे मागायला हवा. तिच्याकडे मागायचा म्हणजे मला कळलंय असं सांगायला हवं. आणि एकदा सांगितलं, की कार्ड लवकर येवो न येवो, जायला हवं. त्याने पान बंद केलं.

मग तो फिकादूकडे गेला. फिकादू आमच्यातला अर्जबहाद्दर, कुणाचाही कसलाही कागद असो, लोक त्याच्याकडे धावतात. दिवसभर टॅक्सी चालवतो आणि सिग्नलला थांबला की लोकांचे फॉर्म तपासतो. झेरिहून त्याच्या शेजारच्या सीटवर बसला आणि बाहेरच्या बर्फाकडे बघत म्हणाला, "एक विचारायचं होतं. समजा, एखाद्याचं कार्ड आलेलं नाही. आणि समजा, घरी कुणीतरी आजारी आहे."

फिकादूचा चहा मांडीवर सांडला.

"कोण आजारी? कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. कारखान्यातला एक जण आहे. एरिट्रियाचा."

"हां, एरिट्रियाचा." फिकादू मांडी पुसायला लागला. "मग त्याला सांग, नको जाऊ. अजिबात नको. वेड लागलंय का त्याला? कागद मिळता मिळत नाही. वर्ष जातं. लोक म्हातारे झालेत तिकडे कागदाची वाट बघत."

"मी तर ऐकलं की काही आठवड्यांत मिळतो."

"कोण म्हणतो? मी फॉर्म भरतो का तो भरतो?"

"आणि मयत झाली असेल तर कार्ड लवकर देतात म्हणे."

फिकादूने त्याच्याकडे पाहिलं. बिचाऱ्याच्या कपाळावर घाम आला होता, बाहेर उणे वीस असताना. गाशेंना दिलेला शब्द पाळायचा म्हणून तो आयुष्यात पहिल्यांदा फॉर्मबद्दल खोटं बोलत होता, आणि ते त्याला अजिबात जमत नव्हतं.

"ते सगळं लिहायला असतं रे," तो म्हणाला. "देत कुणी नाही."

"बरं झालं विचारलं," झेरिहून म्हणाला. "सांगतो मी त्याला."

फिकादू खोटं बोलतोय हे त्याला कळत होतं. ते खोटं त्याने प्रसादासारखं दोन्ही हातांनी घेतलं आणि घरी गेला. जाणकार माणसानेच सांगितलं, आता आपला काय इलाज, असं तो स्वतःला वाटेत बजावत राहिला.

रविवारचं मात्र काही करता येईना. दर रविवारी तो घरी फोन करत असे, आणि आता एकाएकी बंद केला असता तर त्याला कळलंय हे सगळ्यांना कळलं असतं. म्हणून तो फोन करायचा. अस्काले शेजारी बसून भाजी चिरायची आणि सुरी हळूहळू थांबायची.

"आई कुठाय?" तो विचारायचा.

"पवित्र पाण्याच्या झऱ्यावर गेलीय," तिरुनेश सांगायची. "गुडघे दुखतात ना. तिकडेच राहिलीय मावशीकडे. डोंगरात फोन लागत नाही."

तिचा आवाज बसला होता. सर्दी झालीय, ती म्हणाली. त्याने तिला आल्याचा चहा घ्यायला सांगितलं. मागे कुणीतरी हुंदका दिला, तर ती घाईघाईने म्हणाली की टीव्ही चालू आहे.

"आईला म्हणावं स्वेटर घाल. तिकडे गारठा असतो."

"हो दादा. सांगते."

त्याला ते "सांगते" ऐकताना स्वतःची किळस आली. ती बिचारी आईला पुरून आलेली, केस कापलेली, दिवसभर मांडवात लोकांचं सांत्वन घेणारी. आणि त्यातून उठून कोपऱ्यात येऊन तिला आईच्या स्वेटरबद्दल बोलावं लागत होतं, ते या दिवट्याला सुखाने राहता यावं म्हणून. तो एक शब्द बोलला असता तर ती सुटली असती. दोघं फोनवर रडले असते. तो शब्द त्याच्या जिभेवर यायचा आणि त्याच्या मागोमाग काउंटर यायचा, बाजूला उभा केलेला तो, कोट, बॅग. मग तो म्हणायचा, "बरं, पुढच्या रविवारी करतो."

तिसऱ्या की चौथ्या रविवारी तिरुनेशने स्वतःहूनच सांगितलं.

"दादा, आईचा निरोप आलाय. मावशीचा मुलगा आला होता ना खाली, त्याच्याबरोबर."

त्याने फोन कानाशी दाबला. "काय निरोप?"

"म्हणाली, त्याला सांग घाई करू नको. कागद हातात आल्याशिवाय निघू नको. मी कुठे पळून जात नाही, म्हणाली. मी... मी त्याच्यावर रागावलेली नाही, असं म्हणाली."

अस्काले उठून न्हाणीघरात गेली आणि तिने नळ सोडला.

तिरुनेशने हे का रचलं असेल? तिला बहुतेक वाटलं असेल की पुढे कधीतरी याला कळेल, तेव्हा आठवायला काहीतरी बरं असावं. बहिणीचं मन ते. झेरिहूनला हे सगळं कळत होतं, की मेलेली बाई निरोप पाठवत नाही, की हे तिरुनेशचं बोलणं आहे, आईचं नाही. तरी त्याने ते घेतलं. आईनेच सांगितलंय, घाई करू नको. त्या रात्री तो बऱ्याच दिवसांनी गाढ झोपला. सकाळी उठून आरशात दाढी करताना त्याला आठवलं की आपण कशाच्या जोरावर झोपलो, तेव्हा त्याला स्वतःच्या तोंडाकडे बघवेना. दाढी तशीच अर्धी टाकून तो कामाला गेला.

चाळिसावा दिवस आला आणि गेला. त्या दिवशी तिकडे घरी गल्लीभर जेवण, पाद्र्यांची प्रार्थना, गरिबांना भाकरी. मुलाने दारात उभं राहून लोकांना हात धुवायला पाणी द्यायचं असतं. इकडे झेरिहूनने जादा पाळी मागून घेतली. त्याच दिवशी आमच्या चर्चमध्ये गाशे देम्सेंनी गुपचूप त्याच्या आईच्या नावाने भाकरी वाटली. अस्काले आली होती, काळा चष्मा लावून. ती म्हणाली, "घरी त्याच्यासाठी एक तुकडा नेऊ का? न सांगता देईन." गाशे नको म्हणाले. मग सगळे तिच्याकडे न बघता जेवले. आम्हाला वाटत होतं, एका मुलाला आईच्या श्राद्धाची भाकरी नाकारतोय आम्ही, आणि तो बिचारा तिकडे पाव भाजतोय. आम्हालाही लाज वाटत होती, हे इथे नोंदवून ठेवते.

नंतर एका मंगळवारी कार्ड आलं.

झेरिहून कामावरून आला तर टेबलावर पाकीट, फोडलेलं, आणि त्यावर कार्ड. त्याचा फोटो कुणीतरी धमकावल्यासारखा दिसत होता. इतकी वर्षं ज्याची स्वप्नं बघितली ते त्याने हातात घेतलं आणि लगेच टेबलावर पालथं ठेवलं. आता सबब संपली. आता पहाटे ती मंडळी दारात येणार.

घरात दोरो वतचा, कोंबडीच्या झणझणीत रश्श्याचा वास भरला होता. मंगळवारी कोंबडी? अस्कालेने सकाळपासून कांदे परतले असणार, या वेळी खरेखुरे. तिने त्याच्यापुढे इंजेराची आंबूस पोळी पसरली, अंडं त्याच्या बाजूला सरकवलं, स्वतःच्या हाताने घास करून त्याच्या तोंडात दिला.

"कार्डाचा आनंद," ती म्हणाली. "खा ना. अजून घे. पोटभर खा."

हिने माझ्यासाठी एवढे दिवस तोंड दाबून धरलं, तो मनात म्हणाला. आता तरी सांग, झेरिहून. उद्या पहाटे त्या म्हाताऱ्यांना थंडीत यायला लावू नकोस. त्याने तोंड उघडलं, तर तिने त्यात दुसरा घास घातला. तो त्याने गिळला. आणि तिसराही.

पहाटे बेल वाजली तेव्हा तो जागाच होता. कसं रडायचं, याचा तो विचार करत पडला होता. असा विचार करणारा मुलगा जगात दुसरा कुणी असेल का, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

ते आत आले. बूट काढले. गाशे देम्से, फिकादू, एमामा वोर्कनेश, आणखी आम्ही काही बायका. नेतेलाचे काठ सगळ्यांनी वर गळ्याशी घेतले होते, ते पाहिल्यावर कुणाला काही सांगायची गरजच उरत नाही. एमामा वोर्कनेश त्याच्या शेजारी पलंगावर बसल्या आणि त्यांनी त्याचा हात धरला. गाशे उभेच राहिले.

"बाळा," ते म्हणाले, "आपण सगळे वाटसरू. कुणी पुढे, कुणी मागे. तुझी आई दमली होती. देवाने तिला विश्रांतीला बोलावलं."

झेरिहून पलंगावरून खाली आला, गुडघ्यांवर. त्याने तोंड झाकून घेतलं आणि रडायला लागला. रडणं खरं होतं. आपल्याला खोटं रडावं लागेल या भीतीत तो इतके दिवस होता, आणि आता ते थांबेचना. बायकांनी हंबरडा फोडला, अस्काले भिंतीला टेकून खाली बसली. फिकादू लहान मुलासारखा रडत होता.

मग हळूहळू आवाज कमी झाले. आणि सगळे थांबले.

थांबले, कारण आता त्याने विचारायला हवं होतं. ज्याला उशिरा सांगतात तो पहिली गोष्ट हीच विचारतो, कधी गेली? आणि उत्तर ऐकलं की भडकतो, एवढे दिवस मला फसवलंत, तुम्ही माणसं आहात का, असं ओरडतो. तो त्याचा हक्क असतो आणि आम्ही तो ऐकून घ्यायला आलेलो असतो. गाशेंनी काय उत्तर द्यायचं ते वाटेत गाडीत घोकलं होतं. ते मान खाली घालून वाट बघत होते.

झेरिहून नुसता रडत होता. त्याला विचारायचं काही सुचलंच नाही, कारण त्याला ते ठाऊक होतं.

फिकादूने डोळे पुसून वर पाहिलं. एका बाईने दुसरीकडे पाहिलं. तेवढ्यात एमामा वोर्कनेश खाली वाकल्या, सांत्वन करावं तसं त्याचं डोकं त्यांनी छातीशी ओढलं आणि त्याच्या कानात म्हणाल्या, "विचार. कधी गेली ते विचार."

त्याने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत दया नव्हती आणि रागही नव्हता.

"लोक थांबलेत," त्या पुटपुटल्या.

"कधी?" झेरिहूनने विचारलं. आवाज चिरका निघाला. "कधी गेली माझी आई?"

गाशे देम्सेंनी सांगितलं. मग त्यांनी भिंतीचा आधार घेतला, एक गुडघा टेकला, मग दुसरा. सत्तरी उलटलेला माणूस, आयुष्यभर वर्गापुढे ताठ उभा राहिलेला, त्याच्यासमोर जमिनीला कपाळ लागेपर्यंत वाकला.

"माझा अपराध," ते म्हणाले. "मी सगळ्यांना गप्प बसवलं. तुझा चाळिसावा मी चोरला. तुझ्या भल्यासाठी केलं, पण चोरलाच. मला माफ कर, बाळा."

"उठा गाशे," झेरिहून कळवळून म्हणाला. "उठा हो. असं नका करू."

"माफ केलंस म्हण. त्याशिवाय उठणार नाही."

"केलं. केलं माफ."

मग फिकादू आला. "मी तुझ्याशी खोटं बोललो, गाडीत. कार्ड लवकर मिळतं. मला माहीत होतं. तुला आईच्या मांडवात बसता आलं असतं रे."

"माफ केलं," झेरिहून म्हणाला. आता त्याला कुणाच्या तोंडाकडे बघता येत नव्हतं.

बायका आपापसांत म्हणायला लागल्या, काय मोठं मन आहे, एक शब्द वाकडा बोलला नाही. दुसरा असता तर ताट फेकलं असतं.

शेवटी अस्काले उठून त्याच्यापुढे बसली. तिने मान खाली घातली. "मी तुला रोज हसून जेवायला वाढलं," ती म्हणाली. "माझ्या हातचं अन्न तू विश्वासाने खाल्लंस. तुझ्या बहिणीशी तू बोलत होतास आणि मी शेजारी बसून ऐकत होते. तुला पाहिजे ते बोल मला."

झेरिहूनने तोंड उघडलं. खोलीत सगळे ऐकत होते. मला माहीत होतं, एवढेच शब्द होते, ती वाकलेली मान तेवढ्यानेच वर आली असती. तो जितका वेळ बोलला नाही तितकी अस्काले आणखी खाली वाकत गेली.

"अरे, तिला का छळतोस?" मागून कुणीतरी कळवळून म्हणालं. "आम्हाला माफ केलंस, मग बायकोनेच काय घोडं मारलं? तिने किती सोसलंय तुला काय ठाऊक."

एमामा वोर्कनेशनी त्याच्या डोक्यावरचा हात काढून घेतला.

"माफ केलं," झेरिहून म्हणाला.

अस्कालेने त्याचे दोन्ही गुडघे धरले आणि देवाचे आभार मानत त्यांच्यावर ओठ टेकले.